त्याची जागा पक्की आहे

८ मे, बुधवार

माझ्या डोक्यावर लोर्कन!

पोस्टर लावायला आजपासून परवानगी. म्हणून सकाळी सहालाच टायगला शिडी देऊन पिटाळलं — नवरा असावा तर असा, कुरकुरतो पण जातो. नऊला दूध डेरीसमोरून गेले तर त्याच खांबावर, माझ्या बरोब्बर वर, लोर्कन हॅनिफी दात काढून हसतोय. आणि दोघं एकाच पक्षाचे!

पंधरा वर्षं जिल्ह्याच्या काउंटी कौन्सिलवर मी आहे. गटारं, दिवे, दफनभूमीची भिंत, सगळ्यांच्या मागे मी लागले. त्यानं काय केलं? एकोणीस वर्षांपूर्वी हर्लिंगच्या, त्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, फायनलला शेवटच्या मिनिटाला एक पॉइंट मारला. एक! तेवढ्यावर उमेदवारी. आयत्या बिळावर नागोबा.

वाटणी झालीय. पुलाच्या पूर्वेला मी, पश्चिमेला तो. पूर्वेच्या दारांत सांगायचं — चिठ्ठीवर पसंतीचे आकडे लिहाल तेव्हा एक नंबर कन्सेप्टाला, दोन नंबर लोर्कनला. पश्चिमेला उलट. पूल ओलांडून मत मागायचं नाही म्हणजे नाही. जागा सहा, उमेदवार अकरा. म्हातारा डिनी मल्क्वीन, पक्षाची मतमोजणी ज्याच्या पेन्सिलीत असते तो, म्हणाला, "दोघंही आलात तर अख्ख्या कौन्सिलच्या तिसांत आपले सोळा. आणि सोळा झाले की अध्यक्षाच्या मानाची साखळी तुझ्या गळ्यात, कन्सेप्टा."

साखळी. बाबा एकतीस वर्षं कौन्सिलवर होते, त्यांना नाही मिळाली. मला हवीय. इथे लिहायला कसली लाज?

११ मे, शनिवार

टायगनं लोर्कनची सही आणली. कशावर, तर स्वतःच्या हर्लिंगच्या काठीवर! साठीचा घोडा! "अगं, तो पॉइंट आठवतो का तुला? काय मारला होता!" माझ्या पोस्टरवर कधी सही मागितली नाही मेल्यानं.

१६ मे, गुरुवार

आज पेग स्कलीकडे गेले. हिच्या दारात चाकाच्या खुर्चीसाठी उतार बसवून मिळावा म्हणून मी कौन्सिलच्या ऑफिसात अकरा खेटे घातलेत. लोकांना वाटतं आम्ही मेंबर म्हणजे राजे! खरं राज्य नेमलेल्या साहेबांचं. आम्ही बजेटला हात वर करायचा, कुठे घरं बांधायची त्यावर भांडायचं, आणि खड्ड्यासाठी इंजिनिअरच्या दाराशी उभं राहायचं.

पेगनं चहा दिला, माझा हात हातात घेतला आणि म्हणते, "या खेपेला एक नंबर त्या पोराला देते हं. तुझं काय पोरी, तुझी जागा पक्कीच!"

पक्की! बाबा एकदाच पडले, ते या शब्दापायी. सगळा गाव म्हणाला, मॅटची जागा पक्की, दुसऱ्याला हात देऊ. मोजणीच्या दिवशी मॅट घरी. डिनी अजून म्हणतो, "उमेदवाराला शिव्या घाला, पण त्याची जागा पक्की आहे असं म्हणू नका."

घरी येईस्तोवर डोक्यात एकच. शब्द एवढा जालीम असेल, तर तो माझ्याच वाट्याला का?

२० मे, सोमवार

पूल ओलांडला.

मत मागायला नाही! पश्चिमेला एक मयत होतं. मयताला जायला कुणाची परवानगी लागते? घरच्यांचे हात हातात घेतले, मग हॉलमध्ये चहा आणि हॅम सँडविच. तिथे लोर्कनचा विषय निघणारच होता, मी फक्त वाट बघितली.

"किती गुणी मुलगा!" मी म्हटलं. "त्याची काय काळजी? पहिल्याच फेरीत येतोय. त्याची जागा पक्की आहे." मग कप बशीत ठेवून एक उसासा. "मीच काय ती काठावर."

दोघी बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "असं? मग तुलाच बघायला हवं."

वाईट शब्द एक नाही काढला. उलट स्तुती केली. येताना गाडीत चक्क गुणगुणत होते.

२४ मे, शुक्रवार

पुलापलीकडे आज आठ घरं. आठही ठिकाणी लोर्कनची स्तुती. घसा बसला.

२९ मे, बुधवार

लोर्कन घरी आला. आईनं केलेला रुबार्बच्या आंबट देठांचा टार्ट घेऊन, निळ्या काठाच्या ताटलीत. टायगनं त्याला चांगल्या कपात चहा दिला. मला कान तुटलेल्यात.

मला वाटलं होतं मिरवायला आलाय. तर हा खुर्चीच्या टोकावर. "कन्सेप्टा, तुम्हाला एक विचारू? तुम्ही इतकी वर्षं यात आहात. लोक दार उघडतात, हात मिळवतात, त्या पॉइंटबद्दल बोलतात. मताचं कोणी काढतच नाही. मला नाही वाटत मी येईन."

त्याच्या शर्टाची कॉलर उसवलेली होती. चाळीस वर्षांचा बाप्या, शाळेत पोरांना कवायत शिकवतो, आणि माझ्यासमोर परीक्षेला बसल्यासारखा. क्षणभर वाटलं, खरं सांगावं. सांगावं की अरे, घरोघर जा, एक नंबर माग, पाय धर.

तेवढ्यात टायग म्हणाला, "अरे, तुला कोण मत देणार नाही? आमची ही पडेल एकवेळ!"

आणि दोघं हसले.

"वेडा आहेस का?" मी म्हटलं. "तुझी जागा पक्की आहे."

त्याचा चेहरा असा उजळला! "तुम्ही म्हणता म्हणजे झालंच," म्हणाला. जाताना मिठी मारली मला. टार्ट मात्र छान होता. दोन तुकडे खाल्ले. रागानं.

२ जून, रविवार

चर्चच्या दारात लोर्कनभोवती ही गर्दी. माझ्याशी बोलायला एक फादर, तेही छप्पर गळतं म्हणून.

७ जून, शुक्रवार

मतदान केलं. शाळेतल्या पहिलीच्या वर्गात, भिंतीवर पोरांचे कागदी मासे. माझ्या नावापुढे १ लिहिला. मग पेन्सिल लोर्कनच्या फोटोवर. चिठ्ठीवरही हसतोय मेला! बराच वेळ तशीच उभी. बाहेरून कुणीतरी खोकलं.

दोन नंबर कुणालाच दिला नाही. कागद घडी करून पेटीत टाकला.

८ जून, शनिवार

बॅडमिंटनच्या हॉलमध्ये मोजणी. लोखंडी कठड्याला डिनी चिकटलेला, पलीकडे चिठ्ठ्या उलगडतायत, हा पेन्सिलीनं रेघा मारतोय. अकराला मला कोपऱ्यात ओढलं. चेहरा पांढराफटक.

"पश्चिमेच्या पेट्या बघितल्यास? लोर्कनच्या गावात एक नंबर तुला! त्याच्या शेजारच्या गावातही तुला! हे काय चाललंय?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक?" तोंड गरम झालं. पण इतकं? मयत धरून जेमतेम तीस घरं केली असतील मी.

निवडून यायला १४८० मतं हवी होती. मला १९१२. पहिल्याच फेरीत! बाबांनाही कधी जमलं नाही. लोर्कनला ८८४.

टायगनं मला उचललं, पाठीत उसण भरली त्याच्या. मी हात हलवला. अख्खा हॉल मात्र लोर्कनकडे बघत होता. कुणी पाठ थोपटतंय, कुणी पाणी देतंय. हरतानाही माझ्याहून देखणा!

९ जून, रविवार

माझी जास्तीची ४३२ दोन नंबर बघून वाटली. त्यातली निम्मी त्याला गेली, बाकीची इकडेतिकडे. एकेक उमेदवार बाद होत गेला, त्याची मतं पुढच्या नंबराला जात गेली, लोर्कन वर वर चढत गेला. शेवटी सहाव्या जागेसाठी तो आणि दुसऱ्या पक्षाचा एक शेतकरी.

चार मतांनी पडला. डिनीनं पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा चारच.

डिनी माझ्याशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला. "तुझ्याकडे मतांचा ढीग आणि त्याच्याकडे चार कमी. कुणीतरी तिकडे सांगितलंय की त्याची जागा पक्की आहे. सापडला तर तंगडी मोडीन त्याची." मग हळूच म्हणाला, "पंधरा झालो आपण. तिसांत पंधरा. साखळी गेली, कन्सेप्टा."

लोर्कन आला. डोळे लाल. "अभिनंदन," म्हणाला, आणि पुन्हा मिठी.

मला चिठ्ठीवरची ती रिकामी जागा आठवली. एकच मत होतं ते. एकानं काय झालं असतं?

२१ जून, शुक्रवार

पहिली बैठक. बाकीचे सगळे एकत्र आले, एक अपक्षही आमच्याकडे वळला नाही. पंधरा-पंधरा, म्हणून चिठ्ठी काढली, आणि साखळी त्यांच्या डोनल क्रेहानच्या गळ्यात. तीन वर्षं बैठकीत झोपा काढणारा माणूस! त्याच्या बायकोनं साखळी सरळ करून दिली, फोटो काढले. मी टाळ्या वाजवल्या.

वर लोकांच्या बाकावर लोर्कन बसला होता. शाळा सोडून आलेला. माझं नाव पुकारलं तेव्हा एकटाच मोठ्यानं टाळ्या वाजवत होता. याला कळत कसं नाही कुठे थांबायचं!

२३ जून, रविवार

निळ्या काठाची ताटली परत द्यायला गेले. रिकामी कशी द्यायची, म्हणून ॲपल पाय केला होता.

त्याची आई फिलोमिना एकटीच होती. वाटलं, काहीतरी बोलेल, दार लावेल तोंडावर. तिनं खुर्ची पुढे केली.

"वाईट वाटून घेऊ नकोस गं," म्हणाली. "त्याला काही पश्चात्ताप नाही. तुझ्याकडून आला त्या संध्याकाळी इतका खूश होता! म्हणाला, आई, माझी जागा पक्की आहे, कन्सेप्टा स्वतः म्हणाल्या, आता त्यांचं बघायला हवं, खुद्द टायगच म्हणत होता, त्या पडतील एकवेळ. शेवटचे नऊ दिवस दारोदार फिरला गं. सगळ्यांना सांगितलं, एक नंबर त्यांना द्या."

ताटली अजून माझ्याच हातात होती.