ओठांवरचं वाक्य

म्युनिक, ऑक्टोबर १९७४

प्रिय गेर्लिंडे,

तुझा पत्ता आहे, पत्र टाकायचा धीर नाही. तू सिनेमा सोडून गेलीस आणि पडद्यावरच्या तुझ्या चेहऱ्याला मी आवाज दिला. शेवटच्या प्रसंगाला आवाज देताना दिग्दर्शक म्हणाले, "बाई, तिच्या ओठांकडे काय बघताय? 'मी तुमचीच आहे' एवढं गोड म्हणा." ओठ जुळत नव्हते, तरी मी म्हटलं.

काल ताईला त्याच सिनेमाला नेलं. तिला लहानपणापासून ऐकू येत नाही, ती ओठ वाचते. शेवटी सगळे डोळे पुसत होते आणि ही मला कोपरानं ढोसत होती. "ती म्हणतेय, 'हात सोडा, दुखतंय.' आणि तुम्ही बावळटासारखे रडताय कसले?"

मला ते तेव्हाच दिसलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

आज सकाळी दिग्दर्शकांचा फोन आला. पुढच्या सिनेमालाही माझाच आवाज हवाय. मी "हो, येते" म्हणाले. कॉफी ओतता ओतता ताई थांबली, माझ्या ओठांकडे बघत राहिली.

"कुणाला गं सांगतेयस, हात सोडा म्हणून?"

ते पलीकडे ऐकू गेलं असावं; त्यांनी फोन ठेवून दिला.

तुझं बोलणं पुसणारी,
वाल्ट्राउट