वेदिकाची फिट एक दिवस आधी कळवण्याबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, निफाड, जि. नाशिक.

विषय : कु. वेदिका, इयत्ता चौथी, हिला पुन्हा वर्गात बसू देणेबाबत.
संदर्भ : वस्तीवरील शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र, दि. ७ ऑगस्ट २०२५.

महोदय,

मी लासलगाव मार्केटात कांदा निवडण्याचे काम करते. माझी मुलगी वेदिका वर्गात मध्येच दहा-पंधरा सेकंद टक लावून थांबायची, हाक मारली तरी ऐकू जायची नाही. शाळेने यास 'लक्ष नसणे' ठरवून तिला अकरा वेळा वर्गाबाहेर उभे केले. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की हीही फिटच आहे. गोळ्या सुरू झाल्या. फिट आल्यास काय करावे, याचा कागद मी शाळेत दिला. तो फाइलला व्यवस्थित लागला.

दि. ५ ऑगस्ट रोजी तिसऱ्या तासाला तिला मोठी फिट आली. मुख्याध्यापक सरांनी तत्परतेने प्रथमोपचार पेटी उघडली. तीत कांदा होता. तो फोडून नाकाशी धरला. नंतर चप्पल हुंगवली. कोणाची, याची नोंद नाही. कांद्याने फिट थांबत असती, तर बारा वर्षे त्याच्या ढिगात बसलेल्या मला नाशिक गाठावे लागले नसते. मग दातखीळ उघडण्यासाठी स्टीलचा चमचा तोंडात घातला. तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या लंकाबाई धावत आल्या आणि ओरडल्या, "सर, तोंडात काय बी घालू नका! पोरीला कुशीवर घ्या, घड्याळ बघा!" दोन मिनिटांत फिट थांबली. लंकाबाईंना वाचता येत नाही. तो कागद फाइलला लागण्याआधी त्यांनी वेदिकाकडूनच वाचून घेतला होता.

'चूल सोडून अध्यापनात हस्तक्षेप' केल्याबद्दल लंकाबाईंना नोटीस मिळाली. मला पत्र मिळाले की, फिट येणार असल्यास एक दिवस आधी लेखी कळवावे, अन्यथा मुलीस पाठवू नये. मी वेदिकाला विचारले. तिलाही आगाऊ सूचना येत नाही. ती रोज गणवेश घालून ओट्यावर बसते. मला याचा संताप येतो, हे अर्जात बसत नसले तरी लिहिते.

तरी वेदिकाला त्वरित वर्गात घ्यावे, नोटीस मागे घ्यावी आणि कुशीवर कसे वळवायचे, पाच मिनिटांपुढे गेल्यास दवाखाना कसा गाठायचा, हे शिक्षकांना शिकवावे. शिकवायला लंकाबाई तयार आहेत, खिचडी उतरवल्यावर.

उत्तराची वाट पाहणारी,
उज्वला रंगनाथ गांगुर्डे
दि. २२ ऑगस्ट २०२५

सोबत :
१. डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स.
२. मुख्याध्यापकांच्या पत्राची झेरॉक्स.
३. चमच्याने तुटलेला वेदिकाचा पुढचा दात, कागदाच्या पुडीत. झेरॉक्स निघत नसल्याने मूळ जोडला आहे. दुधाचा नव्हता.