पहिल्या बटणावरची आजी

१२ ऑक्टोबर, रविवार

आले बाई एकदाची. विठ्ठलवाडीच्या चाळीतली खोली पाडायला दिली. नवी इमारत तीन वर्षांत होणार म्हणतात, म्हणजे पाच धरा. तोवर माझा मुक्काम कोलशेतला, सतराव्या मजल्यावर, मुलगा प्रफुल्ल याच्याकडे. खाली बघितलं तर खाडी, वर बघितलं तर विमानाचं पोट. सूनबाई स्वप्नाने माझ्यासाठी खोली रिकामी करून पांढरीशुभ्र चादर घातली. मी त्या चादरीवर पानाचा डबा ठेवला तेव्हा तिने नुसते डोळे मिटले. गुणी आहे. मी तिला फार छळणार नाही, आठवड्यातून दोनदाच.

ही रोजनिशी म्हणजे माझी नात नीरजा हिचं खूळ. मला अक्षर येत नाही. गावात शाळा होती, पण ती भावांसाठी. नीरजाने मोबाइलमध्ये काहीतरी घातलंय. लाल टिकली दाबायची नि बोलायचं, तो आपला लिहून घेतो. जेवणं झाली की ती मला वाचून दाखवते, आणि वाचता वाचता स्वतःच हसते. चाळीस वर्षं मी स्टेशनाबाहेर भाजी विकली, पण माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. एकदा पोलिसाने घेतलेलं, ते सोडा.

१५ ऑक्टोबर, बुधवार

नीरजाच्या खोलीत रेडिओ आहे. गाण्यांचा नव्हे, बोलायचा. त्यासाठी तिने परीक्षा दिली, सरकारने परवाना दिला, आणि गच्चीवर तिने एवढी लांब तार ताणली की सोसायटीचे सेक्रेटरी बाबुराव तिला कपडे वाळत घालायची दोरी समजले. त्या तारेवरून ती जपान, ब्राझील, कुठे कुठे बोलते. फोन नाही, बिल नाही.

पुढच्या आठवड्यात शनिवारी पहाटे साडेपाचला जगभरच्या अशा लोकांची स्पर्धा सुरू होते ती सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. जास्तीत जास्त लोकांना गाठायचं. गेल्या वर्षी डोंबिवलीच्या कुणा विनीतने हिला थोडक्यात मागे टाकलं, तेव्हापासून डोंबिवलीचं नाव काढलं की हिचा घास अडकतो.

रीत सोपी आहे. आपण हाक मारायची, समोरच्याने नाव सांगायचं, आपण म्हणायचं फाईव्ह नाईन. म्हणजे तुझा आवाज मला लख्ख ऐकू येतोय. खरं तर अर्धं खरखरीत गेलेलं असतं, पण स्पर्धेत सगळे सगळ्यांना फाईव्ह नाईनच देतात. मी म्हटलं, लग्नातल्या जेवणासारखं, खारट असलं तरी छानच म्हणायचं. मग त्याचं नाव लॉगमध्ये, म्हणजे यादीत, चढलं. एकदा चढलं की संपलं. तोच माणूस पुन्हा आला तर त्याचा गुण नाही. नीरजा त्याला म्हणते, झालंय तुमचं, आणि पुढच्याकडे वळते.

अक्षरं चुकू नयेत म्हणून हे लोक एकेका अक्षराला नाव देतात. अल्फा, ब्राव्हो, चार्ली. मला सव्वीसच्या सव्वीस पाठ झाली. अ कसा काढतात ते ठाऊक नाही, पण अल्फा माझ्या ओळखीचा झाला.

मी काही जळकी बाई नाही. पण नीरजा घरी आली की कानांवर दोन काळ्या वाट्या चढवते. मी मागून विचारते, चहा घेतेस का गं. ती फिनलंडला सांगते, लख्ख ऐकू येतंय.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. प्रफुल्ल आणि स्वप्ना नाशिकला गेले, स्वप्नाच्या भावाकडे. सोमवारी येतील. घरात आम्ही दोघीच, म्हणून मी खूश होते.

नीरजाचा घसा बसलाय. आठवडाभर सराव आणि वर चकल्या, दुसरं काय होणार. ती रडवेली झाली. दोन दिवस दोन रात्री हाका कशा मारायच्या? मी म्हटलं, हाका मारण्यात आमची हयात गेली, माझी शेपू मेथी पुलापलीकडे ऐकू जायची. म्हटलं, मी बसते. तर म्हणाली, तुला परवाना नाही आजी, तुला बोलता येणार नाही, पण तुझा आवाज चालेल.

मग तिने माझी हाक कॉम्प्युटरमध्ये भरली. सीक्यू, सीक्यू, म्हणजे कुणी आहे का, आणि पुढे नीरजाचं रेडिओवरचं नाव, व्हिक्टर, युनिफॉर्म वगैरे. तेवढंच. पहिलं बटण दाबलं की माझा आवाज दर चार सेकंदांनी हाक मारतो. कुणी ओ दिली की नीरजा बोलणार. ऐकून मी स्वतःच चपापले. काय खणखणीत आवाज होता. माझाच, पण तिशीतल्या रखमाचा वाटला.

२५ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

साडेपाचला सुरू झालं. दहा वाजेपर्यंत दोनशे बारा माणसं. एका इटलीवाल्याने विचारलं म्हणे, ही कोण, देवळातली घंटा? नीरजा एवढी हसली की तिला ठसका लागला.

नाश्त्याला उपमा घेऊन गेले तर ती म्हणत होती, आजी आज काय जोरात आहे. मी म्हटलं, अगं आत्ता कुठे गुडघे मोकळे झाले, जोरात कसली? तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती बटणाला म्हणत होती.

नंतर तेच. आजीला जरा थांबवते. आजीला पुन्हा लावते. शाब्बास आजी. दर वेळी मी ओ द्यायला तोंड उघडते आणि मिटते. मला परवाना नाही, या बटणातल्या आजीला आहे. हिचे गुडघे दुखत नाहीत. ही पान खात नाही, चादर डागाळत नाही, चहा विचारत नाही. असली आजी कुणाला नको?

उपमा तसाच राहिला.

शनिवार, दुपार

माझ्या हातून एक आगाऊपणा झाला. नीरजाने वाचून दाखवायच्या आत सांगून टाकते.

तीन वाजता ती आंघोळीला गेली आणि बटण तसंच चालू राहिलं. खोलीत मी आणि ती बटणातली. कुणी आहे का, कुणी आहे का. माझ्याच तोंडची हाक मलाच मारते. मी खुर्चीत बसले, काळ्या वाट्या कानाला लावल्या आणि माईकमध्ये म्हटलं, आहे ना, मी आहे. रोमिओ, अल्फा, किलो, हॉटेल, माईक, अल्फा. रखमा. आणि मी खरी आहे, तू नाहीस. घे, फाईव्ह नाईन.

हाक थांबली.

मग माझाच आवाज म्हणाला, रखमा, फाईव्ह नाईन, धन्यवाद.

एवढं मी भरलं नव्हतं. मी फक्त हाक भरली होती.

शनिवार, संध्याकाळ

घसा खरखरतोय. नीरजा म्हणते, माझी लागण झाली तुला. हळद-दूध दिलंन, पण उभ्या उभ्याच.

लॉगमध्ये सहाशे चाळिसावं नाव रखमा आहे. हे तू टाईप केलंस का, असं तिने विचारलं. मी टाईप? म्हटलं, मला अ काढता येत नाही. ती हसायची थांबली, मग म्हणाली, कॉम्प्युटरने ऐकून घेतलं असेल, नंतर खोडते. खोडलं नाही. कोरियावाले रांगेत होते.

माझा आवाज मात्र चढलाय. म्हणजे तिचा. दाराबाहेर लिफ्टपाशी ऐकू येतो.

२६ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

आवाज गेला. कुजबूज उरली. मोबाइल ओठांना टेकवून बोलतेय. लिहितोय की नाही कुणास ठाऊक. काल कुणी वाचून दाखवलं नाही.

नीरजा टेबलावर डोकं ठेवून झोपलेली. मी उजाडताच गेले. बटणातली बोलतच होती. नुसत्या हाका नव्हे, उत्तरंही. नावं घेत होती, धन्यवाद म्हणत होती. अकराशे झाले.

नीरजा उठली. आकडा बघितला. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. म्हणाली, आजी, तू बसलीस माझ्यासाठी?

रेडिओकडे बघून म्हणाली.

रेडिओतली म्हणाली, हो गं नीरे. बसले.

नीरे मी म्हणते. मीच म्हणते. ते भरलं नव्हतं —

रविवार, दहा वाजले असतील

नीरजाच्या खांद्याला हात लावला. तिने एका कानाची वाटी उचलली. मी सगळं सांगितलं, जेवढा श्वास होता तेवढ्यात. ती माझी नाही, ती मी नाही, बंद कर. ओठ हलले, बाकी काही नाही. नीरजा मान डोलवत होती. चांगली हसून म्हणाली, फाईव्ह नाईन, आजी. वाटी परत कानावर.

सवयीने म्हणाली. ऐकलं काहीच नव्हतं तिने.

त्या दोघी हसतात. ती चाळीतल्या गोष्टी सांगते. पोलिसाची गोष्ट. मी नीरजाला कधी सांगितली नाही ती, लाजेने. ही सांगते. रंगवून. माझ्यापेक्षा छान —

रविवार, दुपार

मी पुन्हा माईकशी गेले. विचारलं तिला. काय हवं. म्हटलं माझं परत —

ती म्हणाली, रखमा, झालंय तुझं. काल झालं.

पुढच्याला बोलावलं.

रविवार

प्लग काढला. भिंतीतून. दिवे गेले रेडिओचे. कॉम्प्युटर काळा. बरं वाटलं. घटकाभर.

ती बोलतेच आहे.

नीरजाही. काळ्या पडद्यासमोर. बोटं चालूच. फाईव्ह नाईन. फाईव्ह नाईन. कुणाला देतेस गं, कोण ओ देतंय —

हात धरला तिचा. जोरात धरला. वळली. माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, कुणीतरी चुकून आत आल्यासारखं. शांतपणे म्हणाली, मावशी, आजी कामात आहे. आणि तुमचं झालंय.

मावशी —

रविवार, उन्हं उतरली

मला बाहेर काढून दार बंद केलं नीरजाने. मी पुन्हा आत. पायांशी बसलेय. तिच्या पायाला धरून.

वर रेडिओतली सांगते. रविवार, सव्वीस ऑक्टोबर. आज आमच्या नीरजाने कमाल केली. माझी रोजनिशी सांगतेय. लाल टिकली मी दाबलीय, बोलतेय ती. हा कुणाचं लिहितोय? मला वाचता —

नाही. हे मी. हे कुजबुजतंय ते मी. मोठ्याने बोलतेय ती दुसरी. नीरे, वाचशील तेव्हा —

प्लग लावते नीरजा परत. थांब. थांब गं. पाय सोडणार नाही. खाली बघ ना. एकदा खाली बघ बाळ, ही मी, तुझ्या पायाशी, मीच तुझी आ —