कानबाईच्या सोमवारी ज्योत्स्ना

१३ जुलै, रविवार

आजही दार बंद. दहाला चहा नेला. "बाहेरच ठेव" – एवढंच. ठेवला. अकराला साय धरलेला कप तसाच परत आणला.

लातूरचा क्लास सोडून ज्योत्स्ना घरी आली त्याला महिना होत आला. हे तिला आणायला गेले तेव्हा तिने कारण सांगितलं ते इतकंच – "पेपर समोर आला की हात कापतात, बाबा." अठरा वर्षांची पोर. बारावीला तालुक्यात दुसरी. आता पडदे ओढून पडून असते.

आणि मी कोण, तर धरणगावच्या समाजकेंद्राची प्रमुख! संध्याकाळी पन्नास-साठ पोरं येतात – कबड्डी, कॅरम, लेझीम. आया येऊन सांगतात, "रत्नाताई, तुमच्यामुळे आमचा पोरगा बोलायला लागला." मी मान डोलावते. घरी येते तर माझीच पोर बोलत नाही.

१५ जुलै

ठरवलं. केंद्रात कुटुंब मेळावा घ्यायचा. आईबाप आणि पोरं, सगळे एकत्र. खेळ, जेवण, आणि जळगावच्या दीपमाला मॅडमचं बोलणं. त्या समुपदेशक आहेत, पोरांच्या मनातलं ऐकतात. गावाला वाटेल गावासाठी आहे. आहेच. पण मला ज्योतीला तिथे नेऊन बसवायचंय.

मॅडमना फोन केला. त्यांना रविवार, ३ ऑगस्ट मोकळा. मीही मोबाईलमध्ये पाहिलं – काहीच नव्हतं. पक्कं करून टाकलं.

१९ जुलै

फलक लागला. माझं नाव जरा मोठंच आलंय. छापणाऱ्याची चूक. दुरुस्त कर म्हणून काही मी सांगितलं नाही.

२२ जुलै

फजिती झाली.

सासूबाई – आम्ही त्यांना अक्का म्हणतो – ओट्यावर गहू निवडत होत्या. सहज विचारलं, "तुन्हा मेळावा कव्हय शे?" मी तारीख सांगितली. त्यांचा हात सुपातच थांबला. "त्या दिनले कानबाई शे, रत्ना. बठ्ठा गाव आपापला घर रोट करी. तुन्हाकडे कोन येई?"

नागपंचमीनंतरचा पहिला रविवार! लग्न झाल्यापासून दरवर्षी त्या दिवशी माझी कंबर मोडते आणि तारीख धरताना मला आठवू नये! कानबाई म्हणजे अख्खी भाऊकी एका घरात – सुरतची, पुण्याची, सगळी. घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे, त्याच पिठाच्या जाड पोळ्या म्हणजे रोट करायचे, भाऊकीनेच खायचे. (मूठ पुरुषांच्या नावाची, दळायला मात्र आम्ही. असो.) त्या दिवशी घरची देवी सोडून मनाच्या आरोग्यावरचं भाषण ऐकायला कोण येतंय!

मॅडमना फोन केला. रविवारी कानबाई आहे म्हटलं. तर त्या हळूच – "अहो ताई, माझ्या सासरी पण कानबाई बसते की!" दोघी चांगल्या शिकलेल्या, दोघी मोबाईलमध्ये तारीख बघून बसलेल्या. इतक्या हसलो की मला पदर तोंडाला लावावा लागला. बऱ्याच दिवसांनी हसले.

२३ जुलै

भाकरी थापताना सुचलं. सोमवारी सकाळी विसर्जनाला गावातल्या सगळ्या कानबाया आमच्या केंद्रावरूनच नदीकडे जातात. पाहुणेही असतात. मग मेळावाच सोमवारी! मिरवणुकीपुढे आमच्या मुलींची लेझीम, परतताना सगळी घरं केंद्रात चहाला. मॅडम दुपारपर्यंत पोचते म्हणाल्या. लेझीम शिकवणारा हेमराज तर एकदम उभाच राहिला. "ताई, हे भारी आहे." आहेच. डोकं कुणाचं!

२६ जुलै

मी ज्योतीच्या खोलीत गेले, पडदे उघडले, मेळाव्याला यायचंच म्हणाले. तिने उशीत तोंड खुपसलं. "मला लोकांना दाखवायला नेऊ नकोस, आई."

पडदे परत लावून बाहेर आले. ह्यांनी विचारलं, काय म्हणाली? काही नाही म्हटलं.

२८ जुलै

आज हेमराजला म्हटलं, सराव केंद्रात नको, आमच्या अंगणात घे. का, ते त्याने विचारलं नाही. शहाणा आहे.

दहा-बारा मुली आल्या. लेझीमचा नुसता गोंधळ. एकीची बैठक चुकतेय, दुसरी वळायचंच विसरतेय. हेमराज खिडकीकडे पाठ करून मोठ्याने म्हणाला, "ज्योतीताई शाळेत असताना हे कसं बसवायच्या, मला तर आठवतच नाही बुवा."

खिडकीचा पडदा ओढलेलाच. तिसऱ्यांदा चुकलं तेव्हा पडद्याआडून आवाज आला – "डावा पाय आधी."

मी भांडी घासत होते, घासतच राहिले. वळून पाहिलं असतं तर बिघडलं असतं.

३० जुलै

आज ओट्यावर येऊन बसली. केस विंचरलेले.

१ ऑगस्ट

मुलींबरोबर केंद्रात गेली! मी मागे गेले नाही. गच्चीवर कपडे वाळत घालायला मात्र तीनदा गेले.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. घर माणसांनी फुललंय, पाठ दुखतेय. सुरतच्या जाऊबाई पुरण वाटता वाटता म्हणाल्याच, "ज्योती क्लास सोडून आली म्हणे?" मी तोंड उघडायच्या आत अक्का – "पोरगी तिना घर शे. तुले काय व्हयनं?" जाऊबाई पुन्हा पुरण वाटायला लागल्या. अक्कांना मी दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या.

४ ऑगस्ट, सोमवार

आजचं कुठून सुरू करू!

कानबाईचा चौरंग माझ्या डोक्यावर होता. मान वळवता येत नाही, दोन्ही हात वर. समोर दिसेल तेवढंच बघायचं. आणि समोर माझी ज्योत्स्ना! हिरवी साडी, कमरेला पदर खोचलेला, सगळ्यांच्या पुढे. ती वळली की दहा मुली वळत, ती बसली की दहा बसत. एकही पाऊल चुकलं नाही. ओट्याओट्यावरून लोक विचारत होते, पुढची कुणाची? "आमनी शे, आमनी," अक्का प्रत्येकाला सांगत चालल्या होत्या. दम लागला तरी थांबेनात. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नाही.

केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. मॅडमनी माईक बाजूला ठेवला, चटईवर बसल्या. म्हणाल्या, आज आईबापांनी बोलायचं नाही, पोरं बोलतील. अहो, काय कठीण गेलं बापांना! नथ्थूभाऊंनी दोनदा खाकरून मधे तोंड घालायचा प्रयत्न केला. त्यांची पोरगी म्हणाली, "पप्पा, खाकरायचं पण नाही." सगळे हसले, तेही हसले. मग ती जे बोलली ते ऐकून त्यांनी खाली मान घातली, आणि जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून गेले. हे मी केलं. माझ्या केंद्रात झालं.

ज्योती बोलली नाही. सगळ्यांना पाणी देत फिरत होती. तिला आता बोलायची गरजही नाही. पोरगी बरी झाली. कानबाई पावली. लातूरला पुन्हा कधी पाठवायचं ते या आठवड्यात ठरवू, असं हे म्हणाले. मीही हो म्हटलं.

५ ऑगस्ट

लेझीमचा व्हिडिओ सुरतपर्यंत पोचला. दिवसभर फोन. मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगते.

ज्योतीला लातूरच्या गाडीचं विचारलं. उठून खोलीत गेली. दमली असेल.

६ ऑगस्ट

दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, लेझीम खेळताना बरं वाटलं. पण मी बरी झालेली नाहीये. रोज उठायच्या वेळी छातीत धडधडतं. मॅडमना मी सोमवारीच विचारलं, पाणी देताना. त्यांनी शनिवारी जळगावला बोलावलंय. तू चल सोबत, पण आत मी एकटी जाईन."

हो म्हटलं. लातूरचं नाव काढायचं नाही, हे ह्यांना सांगितलं. परवा मिरवणुकीत वाटला त्याहून जास्त अभिमान मला आज तिचा वाटला.