एलिदाच्या गाठीतली पानं

५ जुलै. सकाळ.
संकल्प: निवृत्तीपर्यंत डोळे तपासायचे नाहीत. नोएलिया (माझी ज्युनिअर, डॉक्टर म्हणून बरी, काव्य शून्य) रोज टोचते. अख्ख्या साल्तो गावाच्या गाठी मी सूक्ष्मदर्शकाला लावलेल्या या उजव्या डोळ्यानं ओळखल्या. डावा मिटून. जुनी शिस्त.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या एलिदाच्या स्तनातली गाठ आली. साधी निघाली तर विषय संपला. फायलोड्स, म्हणजे पानांसारखी वाढणारी निघाली, तर सर्जन शुक्रवारी पुन्हा चिरून आजूबाजूचं बरंच काढणार. माझ्या शब्दावर अडलंय.

६ जुलै.
काचेवर पानंच पानं! शाळेत बाई शिशिराची कविता म्हणायच्या, तेव्हा खिडकीबाहेर अशीच असायची. गहिवरलो. निदान: फायलोड्स.
नोएलिया म्हणाली, दुधाच्या नळ्या दाबल्या गेल्या की साध्या गाठीतही पानं दिसतात. मधली पेशींची गर्दी बघा. बघितली. तुडुंब. केंद्रकं जोडीजोडीनं, म्हणजे पेशी भराभर विभागताहेत. तिला म्हणे एकेकटीच दिसतात. तरुणपणी सगळं एकेकटंच दिसतं.

संध्याकाळ. नदीवर चंद्र. शेजारी दुसरा. पाण्यातला असणार. जरा जास्तच वर होता, पण आमच्या नदीचा काय भरवसा.

७ जुलै.
एलिदा आली. कापायचंच असेल तर आत्ताच सांगा, म्हणाली, रविवारच्या पावांचं पीठ नवऱ्याच्या हाती दिलं तर गिऱ्हाईकं दात मोडून घेतील. हसत होती, एप्रनचं टोक मात्र पिळून पिळून दोरी केलेलं. मी धीर दिला: शिशिरानंतर वसंत येतोच. म्हणजे वाईटच आहे, म्हणाली आणि गेली.
लोकांना कविता समजत नाही. उद्या सही.

८ जुलै.
सहीआधी नोएलिया हटून बसली: एकदा डावा डोळा लावा, मग मी तोंड उघडणार नाही. तेवढ्या आमिषानं लावला.
गर्दी पांगली. विरळ, शांत पेशी. एकही विभागत नव्हती. काच बदलली असा संशय आला, नंबर तोच. गाठीची कड गुळगुळीत. साधी फायब्रोअ‍ॅडेनोमा.
मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो, असं तिला सांगितलं. ती ‘माते’ या आमच्या कडू चहाची नळी ओढत राहिली.

९ जुलै.
एलिदा गळ्यात पडून रडली, मग ओरडली, वसंत-बिसंत काय, सरळ सांगता येत नाही? टेबलावर पास्ताफ्रोला, आमच्याकडचा गोड पाय, ठेवून गेली. बिही फळाच्या मुरंब्यावर पिठाची जाळी, अजून गरम. उदार बाई, दोन आणल्या. एक नोएलियाला द्यावी म्हणून उचलायला गेलो. हात नुसत्या टेबलावर आपटला.
नोएलियानं फोन उचलला. डोळ्यांचे डॉक्टर, मंगळवारी सकाळी.
जाईन. त्या दुसऱ्या चंद्राचं तेवढं वाईट वाटतं.