सुभेदारांना ऐकू जात नाही

१७ नोव्हेंबर १९७४, सकाळी

काल सांगलीला जाऊन संगीत नाटक पाहिलं. कादंबरी कशी लिहावी हे मी दहा वर्षं पुस्तकांत शोधतोय, आणि ते सगळं तिथं उजेडात मांडून ठेवलेलं!

पहिला शोध. नायक आपलं गुपित पदातून गातो. खच्चून. हातभर अंतरावर खलनायक मिशी पिळत उभा. त्याला ढिम्म ऐकू जात नाही. मला शेवटच्या रांगेत शब्द न् शब्द ऐकू आला, त्याला नाही. म्हणजे गुपित हे जगाला सांगायचं असतं, ज्यानं ऐकू नये तो ऐकतच नसतो. मराठी कादंबरीत हे टेक्निक अजून कुणाला सुचलेलं नाही.

दुसरा शोध, वन्स मोअर. नायक मरता मरता गायला. पब्लिकनं वन्स मोअर दिला. उठून बसला, पुन्हा गायला, पुन्हा मेला. आवडलेली गोष्ट लोकांना पुन्हा द्यावी.

संकल्प: पहाटे उठून लिहिणे. उद्यापासून. आज जागरण आहे.

१९ नोव्हेंबर

लिखाण सुरू नाही. विषयच नाही. आमच्या पलूसला काही घडतच नाही. शाळेत इतिहास शिकवतो, त्यात तरी लढाया आहेत.

घरी मनूच्या लग्नाची गडबड. हंबीरराव सुभेदारांच्या आकारामशी ठरलंय, सुपारी फुटली, माघात लग्न. पोरगी खूश आहे. भाकरी थापताना गुणगुणते. सौ. म्हणते, असलं घर नशिबानं मिळतं, आता नीट पार पडू द्या म्हंजे झालं. हे 'द्या' मला उद्देशून होतं असं वाटलं. का ते कळलं नाही.

सुभेदार म्हणजे वजनदार माणूस. पासष्टच्या लढाईत तोफगोळ्यानं डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. तेव्हापासून पंचायतीसमोर झेंडावंदन त्यांच्याच हातून. गावात त्यांच्यासमोर कुणी खाटेवर बसत नाही.

२१ नोव्हेंबर, दुपारी

प्लॉट सापडला!!

पडवीत तोंडावर पेपर टाकून पडलो होतो. स्वयंपाकघरात मनू आईला हळू आवाजात सांगत होती. आकारामनं तिला विश्वासानं सांगितलंय. सुभेदारांची बोटं लढाईत गेलीच नाहीत. ते पलटणीच्या लंगरात होते, स्वयंपाकाला. खिमा करायच्या मशीनमध्ये हात गेला. मरायच्या आधी त्याच्या आईनं त्याला सांगितलं होतं. लग्नाआधी तुला ठावं असावं, बाकी कुणाला कळलं तर वडील जगायचे न्हाईत, असं तो म्हणाला म्हणे.

सौ. म्हणाली, तुझ्या बापाच्या कानावर घालू नगंस.

पेपर तोंडावर तसाच ठेवला. घाम आला होता. प्रतिभेचाच असणार.

२५ नोव्हेंबर

शीर्षक ठरलं: 'खोट्या जखमेचं निशाण'. सांगलीच्या एका साप्ताहिकाचे संपादक लालासाहेब माझे वर्गमित्र. क्रमशः छापतो म्हणाले, पानं रिकामीच जातायत.

ओळख पटू नये म्हणून पूर्ण खबरदारी घेतली आहे. नाव बदललं: हंबीररावचं खंबीरराव. गावही बदललं: पलूसचं मलूस. बोटं मात्र दोनच ठेवली, वास्तवाशी इमान राखावं लागतं. आणि सुभेदार पेपर घेतात ते उसाची बातमी बघायला. कादंबरीतलं काही त्यांच्या कानावर कशाला जातंय.

१९ डिसेंबर

तिसरं प्रकरण छापून आलं. खिम्याचा प्रवेश. मशीनचा आवाज मी पार्श्वसंगीतासारखा वापरलाय, घर्रर्र, घर्रर्र, ध्रुवपद.

प्रचंड परिणाम. न्हाव्याच्या दुकानात अंक मोठ्यानं वाचत होते. मी आत गेलो तर सगळे गप्प. थोर लेखकापुढे माणसं अशीच संकोचतात.

दिलावर टेलरनं वाटेत गाठलं. त्याच्या शेजारीच सुभेदारांचं घर. म्हणाला, गुर्जी, लिवणं थांबवा, म्हातारा अंक घिऊन बसलाय, सकाळधरनं जाग्यावरनं हललाच न्हाई. एकाच पानावर दिवसभर! असा वाचक कुठं मिळतो? आणि तरी ओळखलेलं नाही, नाहीतर आला नसता का?

२३ डिसेंबर

मनूनं कुठूनतरी अंक मिळवला. वाचून माझ्यासमोर आली. पांढरीफटक. म्हणाली, बाबा, ह्ये तुमी काय केलंत? मी तिला सांगलीच्या नाटकाचं सगळं उदाहरण दिलं. ती म्हणाली, ते नाटक हाय बाबा. तिला कलेतलं समजत नाही, वयच काय तिचं.

म्हणाली, पुढचं छापू नका, पाया पडते. खरंच पडली. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. थांबवायचं ठरवलं.

२६ डिसेंबर

लालासाहेबांचा निरोप: अंक हातोहात संपला, लोक मागताहेत. म्हणजे वन्स मोअर! पब्लिकपुढे कलावंताचा इलाज नसतो. खिम्याचं प्रकरण पुन्हा लिहून पाठवलं, जास्त घर्रर्र घालून. हे शेवटचं. मग थांबणार. मनूला सांगायची गरज नाही.

३ जानेवारी १९७५

सुभेदार दिसत नाहीत. रोज संध्याकाळी पारावर असायचे. जागा रिकामी असते आणि तिथं दुसरं कुणी बसत नाही.

सौ. विहिरीवर गेली की बायका वाट देतात. आदरानं असेल असं मी म्हटलं. ती म्हणाली, मयताच्या घरच्यांना देत्यात तशी देत्यात.

असली उपमा मला सुचायला हवी होती.

११ जानेवारी

दिलावरकडून कळलं. सुभेदारांनी लग्नातल्या कोटाचं कापड न शिवताच परत नेलं. बहुतेक कराडच्या टेलरकडे टाकणार. मोठी माणसं.

दिलावर म्हणाला, कापड नेताना येक सबूद बोललं न्हाईत. बंदूक मात्र दोनदा पुसून उनात ठिवलीती.

हिवाळ्यात हत्यारं दमट होतात. मी इतिहास शिकवतो, मला माहीत आहे.

रात्री झोप नीट लागली नाही. कुत्री फार भुंकतात हल्ली. दाराला आतून नवी कडी बसवली, जुनी गंजली होती.

२६ जानेवारी

झेंडावंदन. सुभेदार आले. कडक इस्त्री. झेंडा चढवला, सलामीला हात गेला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, घर्रर्र! पाठोपाठ दुसऱ्या बाजूनं. मग पोरंसोरं, बापये, सगळेच हसले.

माझी ओळ! लोकांच्या तोंडी!

सुभेदारांचा हात तसाच कपाळाशी. राष्ट्रगीत संपलं तरी खाली आला नाही. आकारामनं तो धरून खाली घेतला. दोघं माझ्यासमोरून गेले. आकारामनं माझ्याकडे पाहिलं नाही. सुभेदारांनी पाहिलं. डोळ्यांत काहीच नव्हतं, राग पण नव्हता. जिलेबी खाल्ली नाही.

२९ जानेवारी

आज बस्त्याचा दिवस. दोन्ही घरच्यांनी मिळून सांगलीला कापड घ्यायला जायचं ठरलं होतं. सौ. आणि मनू सकाळपासून तयार. मनूनं हिरवं लुगडं नेसलं होतं. तिकडची माणसं आलीच नाहीत. दुपार झाली, संध्याकाळ झाली. मनू उंबऱ्याजवळून हलली नाही. चपला पायात तशाच.

उद्या मी स्वतः सुभेदारांकडे जाऊन बोलणार. सडेतोड.

३० जानेवारी

सर्दी. गेलो नाही.

२ फेब्रुवारी

सुभेदारच आले. सोबत आकाराम, सरपंच तात्याबा आणि गावातले दोन वडीलधारे. बंदूक नव्हती. आधी तेच बघितलं.

बसले. पाणी प्याले. आवाज एकदम मऊ. म्हणाले, गुर्जी, मला काय तंटा न्हाई करायचा. पोरांचं लगीन हाय. हितं चार माणसांम्होरं येवढंच म्हना, का ह्ये समदं तुमच्या डोक्यातनं काढलेलं हाय. मनची कथा हाय. तेवढं म्हना, मी चा पितो न् उद्या बस्त्याला जातो.

तात्याबा माझ्याकडे बघून मान हलवत होते, म्हना, म्हना. सौ. दारामागून खोकली. एवढंच म्हणायचं होतं. तोंडात आलंच होतं.

पण मनची कथा? उठून कुणीही लिहील ती. एवढी मेहनत घेतली आणि चार माणसांत कबूल करायचं की मी थापा मारतो? मी लेखक आहे. ताठ बसलो आणि म्हणालो की माझ्या कादंबरीत एक अक्षर काल्पनिक नाही. सगळ्याला आधार आहे.

सुभेदारांनी विचारलं, कुणाचा?

आधार द्यावाच लागतो. मी म्हणालो, तुमच्याच घरचा. तुमच्या आकारामनं आमच्या मनूला सांगितलेलं आहे.

मनू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

कुणी ओरडलं नाही. नाटकात अशा वेळी कुणीतरी गातं. सुभेदारांनी पोराकडे पाहिलं. आकारामनं मनूकडे पाहिलं, असं की मलाच मान खाली घालावी लागली. मनूनं ट्रे खाली ठेवला, एक थेंब सांडला नाही. सुभेदार उठले, म्हणाले, चला. जाताना दारात अडखळले, तर आकाराम हात द्यायला गेला. त्यांनी तो हात घेतला नाही.

चहा तसाच राहिला.

५ फेब्रुवारी

सोयरीक मोडली. तात्याबा येऊन सांगून गेले.

दिलावर म्हणाला, बापल्योक येका घरात ऱ्हात्यात पर येकमेकासंगं बोलत न्हाईत. मी त्याला आणखी विचारायला गेलो, तर त्यानं मशीन सुरू केलं.

लालासाहेबांना कळवलं, कादंबरी बंद. त्यांनी कारणसुद्धा विचारलं नाही.

११ फेब्रुवारी

घरात मनू आईशी बोलते. हळू का होईना, बोलते. मी आत गेलो की थांबते. सौ. सुद्धा. मी पाणी मागतो, पाणी मिळतं. मग बाहेर येतो, तेव्हा पुन्हा बोलणं सुरू होतं. मी ऐकत नाही. मुद्दाम अंगणात जाऊन बसतो.

आज ठरवलं, मनूला सांगायचं की माझं चुकलं. तुझं वाटोळं केलं पोरी, पुन्हा लिहिणार नाही. दोन-तीनदा मनात म्हणून पाहिलं. शाळा सुटल्यावर गेलो तर तिची खुंटी मोकळी. पेटी नाही.

सकाळच्या एस.टी.नं मामाकडे गेली, माण तालुक्यात, दहिवडीला. हे मला स्टँडवरच्या कंट्रोलरकडून कळलं. माझी मुलगी गेली हे सगळ्या स्टँडला माहीत होतं.

सौ.ला विचारलं, परत कधी येणार?

चुलीपुढून तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, तुमास्नी कशाला सांगू?