धाकटीच्या चाहत्यांना मी दिलेले अंगठे

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, त्यामुळे मनातल्या मनात). तुझ्या गुडघ्याची चौकशी करणारच आहे, पण आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी कळवलं होतं, की धाकटीच्या वर्गाने तिच्या कौतुकासाठी मोबाइलवर गट काढला आहे आणि मलाही त्यात घेतलं आहे. गट आहे, कौतुक नाही. 'आमची हिरोइन' हे नाव वाचून मी फसले. तिचे नव्या चष्म्यातले फोटो तिथे रोज कुणीतरी टाकतं, डोळे बशीएवढे करून, खाली बेडकाचं अंग जोडून. मी शाळेत न जाता घरीच शिकले, माझा वर्ग म्हणजे तू, मी आणि भिंतीवरचा नकाशा. मुलं एकमेकांचं काय करतात हे मला कुठून कळणार? (तक्रार नाही.) शिवाय कुणी काही दाखवलं तर दोन शब्द चांगले बोलावेत, हा तुझाच नियम. मी प्रत्येक फोटोला अंगठा दिला. एका फोटोखाली 'खूप मेहनत घेतली आहेस' असंही लिहिलं. त्यावर सगळ्यांनी हसून लोळणारे चेहरे पाठवले आणि मला बरं वाटलं.

धाकटीने ते पाहिलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलेना आणि (माझी खरी भीती ही आहे) रस्त्यावर चष्मा घालेना. शुक्रवारी आमच्या चष्म्याच्या दुकानासमोर रस्ता ओलांडताना टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला. टेम्पो होता, हे तिला तो थांबल्यावर दिसलं. मी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते. काडी त्याच्या डोळ्यातच जायची. धाकटीला आत बसवून पाणी दिलं, तेव्हा कुठे सगळं कळलं.

"फ्रेम तू निवडलीस, अंगठेही तूच दिलेस," ती म्हणाली. "आता काही करू नकोस, ताई. तू मदत केलीस की वाढतं."

दुसऱ्याच दिवशी त्या गटाची म्होरकी आईबरोबर दुकानात आली. तिच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता. तिचा चष्मा धाकटीच्या चष्म्यापेक्षा जाड आहे. (नंबर सांगणार नाही. गिऱ्हाइकाचा नंबर बाहेर सांगायचा नसतो, गटावर तर नाहीच. मोह झाला होता.) ती गोड आवाजात थँक्यू ताई म्हणाली आणि माझ्या हातून स्क्रूड्रायव्हर पडला. एवढ्याशा मुलीची मला भीती वाटते, आत्या. आईची पाठ वळताच तिने चष्मा काढून दप्तरात कोंबला, म्हणजे तीही कुणाला तरी भिते. त्याने माझी भीती कमी झाली नाही.

गटावरचं सगळं मी जपून ठेवलं आहे, माझ्या अंगठ्यांसकट. उत्तर कुणालाही दिलेलं नाही. बोटं शिवशिवतात म्हणून मोबाइल दुकानाच्या कपाटात ठेवते. धाकटीला विचारूनच वर्गशिक्षिकांची वेळ घेतली आहे. तिची अट एकच, भर वर्गात तिचं नाव निघता कामा नये.

तुझी,
थोरली

ता. क. गुडघा कसा आहे? जिना चढवतो का? बाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे.

ता. क. २ म्हणजे तू यावंस. बोलेन मीच. पण बाई म्हणतील, मुलं आहेत, गंमत करतात. आणि माझ्या तोंडून आपसूक 'काही हरकत नाही' निघेल. तेही तूच शिकवलंस, तेव्हा टेबलाखालून माझा पाय तूच दाब.

ता. क. ३ गुडघा दुखत असेल तर येऊ नकोस. काल धाकटीने विचारलं, "हरकत आहे, असं म्हणता येईल ना तुला?" आरशासमोर सराव चालू आहे, अजून आवाज फुटत नाही. तरी आम्ही दोघी जाणार, ती चष्मा घालून, येत्या बुधवारी.